आधी कडा, मग डायनासोर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सह्याद्रीतल्या एका दुर्गम पठारावर डायनासोर अजून जिवंत आहेत, अशी कल्पना धरून तुम्ही कुमारांसाठी कादंबरी लिहिलीत. चार जणांना वाचायला दिलीत. चौघांनीही ‘वाचायला बरी आहे, पण पटत नाही’ असं सांगितलं. मग तुम्ही आर्थर कॉनन डॉयलची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ काढलीत. तिच्यातलं विज्ञान तुमच्याहून कच्चं, तरी ती शंभर वर्षांनंतरही पटते. ती का पटते, आणि तिच्यातलं काय घ्यावं, काय टाकावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी गेली सत्तावीस वर्षं अशा साहसकथा मराठीत आणतो आहे, इतरांनी आणलेल्या संपादित करतो आहे. या कादंबरीवर मी दोनदा काम केलं. पहिल्यांदा चुकलो. तुमचं उत्तर त्या चुकीत दडलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिल्या वेळी प्रकाशकाला सव्वाशे पानांचं संक्षिप्त पुस्तक हवं होतं. मूळ कादंबरीत सोळा प्रकरणं आहेत. पहिली सहा लंडनमध्येच घडतात. त्यांत एका तरुण वार्ताहराचं प्रेमप्रकरण, एका भांडखोर प्राध्यापकाचं घर आणि सभागृहातला गोंधळ, एवढंच. मला वाटलं, मुलांना डायनासोर हवेत, लंडन कशाला? मी त्या सहा प्रकरणांची नऊ पानं केली आणि दहाव्या पानावर मंडळींना ॲमेझॉनच्या बोटीत बसवलं. पुस्तक निघालं. एका वाचनालयात उन्हाळी सुट्टीत मी ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं. इग्वानोडॉन या डायनासोरांचा कळप आला तेव्हा मुलं ऐकत होती, पण मागे रेलून. एका मुलीने विचारलं, “हे सगळं स्वप्न असतं ना शेवटी?”

पुढे काही वर्षांनी पूर्ण भाषांतर करायची संधी मिळाली. ते मी दुसऱ्या एका गटाला चार दिवस रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तर डायनासोरचा पत्ताच नव्हता, नुसती सभागृहातली खडाजंगी होती. आणि त्याच दिवशी एक मुलगा उठून म्हणाला, “पण त्याच्याकडे पुरावा असून तो दाखवत का नाही?” चिडला होता तो. तेव्हा मला कळलं, की या कादंबरीतला विश्वास पठारावर मिळवलेला नाहीच. तो लंडनमध्ये मिळवलेला आहे.

नीट बघा डॉयल काय करतो. प्राध्यापक चॅलेंजर दक्षिण अमेरिकेतून परत आला आहे आणि तिथे प्रागैतिहासिक प्राणी जिवंत आहेत असं सांगतो आहे. त्याच्याकडे काय आहे? मेपल व्हाइट नावाच्या मेलेल्या अमेरिकन चित्रकाराची चित्रवही. तिच्यात शेवटच्या पानावर एक अजस्र प्राणी. प्रवासात बोट उलटल्यामुळे खराब झालेला एक धूसर फोटो. एक हाड. पंखाचा एक तुकडा. मेलोन हा वार्ताहर, म्हणजे आपला निवेदक, यातल्या प्रत्येक गोष्टीवर तीच शंका काढतो जी तुम्ही-आम्ही काढली असती: चित्र कल्पनेतून काढलं असेल, फोटो बनवता येतो, हाड दुसऱ्या कुठल्या तरी प्राण्याचं असेल. चॅलेंजर प्रत्येक शंकेला उत्तर देतो, पण कुठलंही उत्तर शंभर टक्के पुरं पडत नाही. एकेक पुरावा लंगडा आहे, पण चारही लंगडे पुरावे एकाच दिशेला चाललेत. वाचकाच्या मनात ‘असेलही कदाचित’ हे तिथे रुजतं. तुमच्या कादंबरीत तिसऱ्या पानावर ट्रेकर मुलांना जिवंत प्राणी दिसतो. वाचकाला शंका घ्यायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. कथेतल्या कुणीच ती घेतली नाही, मग ती वाचक घेणार.

म्हणून समरली हे पात्र फार महत्त्वाचं आहे. हा दुसरा प्राध्यापक मोहिमेवर जातो तोच मुळी चॅलेंजरला खोटं पाडायला. आठव्या प्रकरणाच्या शेवटी आकाशातून काहीतरी मोठं उडत जातं. चॅलेंजर म्हणतो टेरोडॅक्टिल, म्हणजे डायनासोरांच्या काळातला उडणारा सरीसृप, समरली म्हणतो करकोचा. आपल्याला काहीच नीट दिसलेलं नसतं. पुढच्या प्रकरणात रात्री शेकोटीवर भाजत ठेवलेली शिकार एक प्रचंड पाखरू झडप घालून उचलून नेतं, आणि समरली चॅलेंजरची माफी मागतो. ती माफी वाचताना आपणही मनातल्या मनात माफी मागतो. अविश्वासू माणूस मोहिमेबरोबर असणं ही हरवलेल्या जगाच्या कथेतली सगळ्यात मोठी सोय आहे. तुमच्या पाच मुलांत असा एकही नाही. पाचही जण पहिल्यापासून उत्साही.

आता कड्याकडे येऊ, कारण माझ्या मते ही कादंबरी डायनासोरची नाहीच, कड्याची आहे.

डॉयलच्या काळात असा कडा खराच लोकांच्या डोळ्यांपुढे होता. व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांच्या सीमा जिथे मिळतात तिथे रोराइमा नावाचं सपाट माथ्याचं पर्वतशिखर आहे, उंची 2810 मीटर. चारही बाजूंनी शेकडो मीटरचे उभे कातळ, वर ढग, आणि कड्यावरून कोसळणारे धबधबे. एकोणिसाव्या शतकात तिथवर पोचलेले प्रवासी खाली उभे राहून वर बघायचे आणि परत जायचे. वर काय असेल, याची चर्चा इंग्लंडमध्ये चवीने व्हायची. अखेर डिसेंबर 1884 मध्ये एव्हरार्ड इम थर्न आणि हॅरी पर्किन्स हे दोघे तिरकस चढत जाणाऱ्या एका नैसर्गिक कपारीवरून माथ्यावर पोचले. आजही ट्रेकर त्याच बाजूने जातात. इम थर्न आणि पर्किन्सला वर डायनासोर दिसले नाहीत. दिसले ते झिजून चित्रविचित्र आकार घेतलेले काळे दगड, पाण्याची डबकी आणि कुठेच न पाहिलेल्या वनस्पती.

दुसरा धागा पर्सी फॉसेटचा. हा ब्रिटिश अधिकारी बोलिव्हियाच्या सीमेची मोजणी करत होता. 1908 मध्ये त्याने रिकार्डो फ्रँको नावाच्या डोंगररांगेचे सरळसोट कडे पाहिले. त्याने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आपल्या मोहिमांवर व्याख्यानं दिली, डॉयलशी त्याची ओळख होती, आणि या कड्यांवरून डॉयलला कल्पना सुचली असं फॉसेटने स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे 1925 मध्ये तो ब्राझीलच्या जंगलात मुलासह गेला आणि परत आलाच नाही. तिसरा धागा डॉयलच्या दाराशीच होता. ससेक्समधल्या क्रोबरोला तो राहायचा, तिथे जवळच्या खाणीत इग्वानोडॉनच्या पावलांचे ठसे सापडले होते. कादंबरीत पठारावर पाऊल टाकल्यावर मंडळींना आधी काय दिसतं? प्राणी नाही, चिखलातले तीन बोटांचे ठसे. लेखकाने जे हाताने चाचपून पाहिलं होतं, तेच त्याने सगळ्यात आधी ठेवलं.

तर डॉयलला कडा मिळाला. पण खऱ्या रोराइमावर वाट होती, आणि वाट असलेला कडा कथेच्या कामाचा नाही. म्हणून त्याने तो बंद केला. मेपल व्हाइट ज्या गुहेतून चढला ती दगड कोसळून बुजली आहे. खडूने काढलेले त्याचे बाण मात्र अजून दिसतात. कड्याच्या पायथ्याशी बांबूच्या बेटात त्याच्या सोबत्याचा सांगाडा आहे, वरून पडून बांबूंत आरपार अडकलेला. बघा, एकाही प्राण्याशिवाय किती भीती निर्माण होते. मग मंडळी कड्याला लागून उभ्या असलेल्या सुळक्यावर चढतात, सुळक्याच्या माथ्यावरचं झाड तोडून पठाराच्या काठावर आडवं पाडतात, आणि त्या ओंडक्यावरून एकेक जण पलीकडे जातो. सगळे पोचले की गोमेझ नावाचा त्यांचाच माणूस मागून तो ओंडका दरीत लोटून देतो.

मराठीत हे प्रकरण करताना माझं मोठं भाग्य होतं, की आपल्या भाषेत यासाठी लागणारा प्रत्येक शब्द तयार आहे. कडा वेगळा, सुळका वेगळा, घळ वेगळी, नाळ वेगळी. कातळाच्या भेगेत पाठ एका भिंतीला आणि पाय दुसरीला लावून वर सरकायचं, त्याला आपली गिर्यारोहक पोरं ‘चिमणी’ म्हणतात. मेलोन मंडळी सुळक्याचा शेवटचा टप्पा चढतात तो बारीक कपारींत हातापायांची बोटं रुतवून, त्यालाही आपल्याकडे शब्द आहेत. ड्यूक्स नोजच्या किंवा तैलबैलाच्या भिंतीखाली उभं राहिलेल्या वाचकाला ‘शिखर’ असा पुस्तकी शब्द दिलात तर तो निसटतो. ‘सुळका’ म्हणा, त्याच्या पोटात लगेच गोळा येतो. तुमच्या मसुद्यात सह्याद्री असूनही ‘टेकडी’, ‘डोंगरकडा’, ‘उंच भाग’ असे शब्द आहेत. हे आधी बदला.

ओंडका पडतो ते नववं प्रकरण. म्हणजे निम्म्याहून अधिक पुस्तक फक्त आत शिरण्यात गेलं आहे. आणि आत शिरल्याबरोबर बाहेरची वाट बंद. या दोन गोष्टी मिळून कडा पुरा होतो. आत जाणं अवघड हे पहिलं अर्धं. बाहेर पडणं अशक्य हे दुसरं. तुमच्या कादंबरीत मुलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली येऊन वडापाव खातात. जे जग सोडून हवं तेव्हा घरी येता येतं, ते हरवलेलं कसं?

या बंद होण्याने लिहिण्याच्या रीतीलाही अर्थ येतो. मेलोन आपल्या संपादकाला पत्रं पाठवतो, ती खाली थांबलेल्या झांबो या नोकराच्या आणि स्थानिक निरोप्यांच्या हाती जातात. वर अडकल्यावर तो लिहितो, की माझ्याकडे पाच जुन्या वह्या आणि एक पेन्सिल उरली आहे, हे संपेपर्यंत लिहीन. त्याचं पुढचं पत्र येईल की नाही, हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकात एप्रिल ते नोव्हेंबर 1912 अशी क्रमशः आली, त्यामुळे तेव्हाच्या वाचकाला खरोखरच महिनाभर वाट पाहावी लागे. सगळं संपल्यावर निवांत खुर्चीत बसून सांगणारा निवेदक घेतलात, तर तो वाचला हे पहिल्याच वाक्यात फुटतं.

डॉयलने या कागदोपत्री खरेपणाची फार हौस केली. पुस्तकात त्याने मोहिमेतल्या मंडळींचा ‘फोटो’ घातला, त्यात दाढी-भुवया चिकटवून चॅलेंजर म्हणून तो स्वतः बसला आहे. पुढे 1922 मध्ये न्यूयॉर्कला जादूगारांच्या मेजवानीत त्याने काही न सांगता हलत्या डायनासोरांची चित्रफीत दाखवली. वर्तमानपत्रवाले चक्रावले. ती विलिस ओब्रायनने चौकटीगणिक बाहुल्या थोड्या थोड्या हलवून घेतलेली दृश्यं होती, 1925 च्या मूकपटासाठी केलेली.

‘पल्प’ या शब्दाबद्दल तुम्ही विचारलं आहे म्हणून सांगतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेली अमेरिकन कथामासिकं, ती पल्प. ‘स्ट्रँड’ त्यांतलं नव्हतं, ते चांगल्या कागदावरचं सचित्र मासिक होतं. पण डॉयलने बसवलेला साचा पल्पवाल्यांनी लगेच उचलला. एडगर राइस बरोजने 1918 मध्ये ‘ब्लू बुक’मध्ये कॅस्पॅक नावाच्या कडेबंद बेटाची कथा लिहिली. तिथे आत शिरायची वाट समुद्राखालून, पाणबुडीतून जाते. हस्तलिखित थर्मासच्या बाटलीत सापडतं. कडा, बंद वाट, आणि आतून आलेला कागद, तिन्ही गोष्टी पुन्हा आहेत. बरोजची वेगळी कल्पना अशी, की त्या बेटावर उत्क्रांती पिढ्यांतून न होता एकेका जिवाच्या एकाच आयुष्यात होते. ती मला आजही विलक्षण वाटते. वाचा ती.

आता विज्ञान. डॉयलच्या चॅलेंजरचं म्हणणं असं, की ज्वालामुखीच्या उद्रेकाने ससेक्सएवढा भूभाग वरच्या जिवांसकट उचलला गेला आणि बसाल्टच्या कड्यांनी जगापासून तुटला. ससेक्स म्हणजे क्षेत्रफळाने साधारण आपला गोवा. खऱ्या रोराइमाचा माथा आहे जेमतेम तीस-एकतीस चौरस किलोमीटर, आणि तो उचलला गेलेला नाही. तो उरलेला आहे. एक अखंड वालुकाश्माचं पठार होतं, दीड अब्ज वर्षांहून जुनं. पावसाने आजूबाजूचं झिजून गेलं आणि मधले तुकडे उभे राहिले. त्या दगडात पोषण जवळपास नाही. म्हणून तिथल्या काही वनस्पती कीटक खातात. तिथे ‘ओरिओफ्रिनेला’ नावाचा इंचाहून लहान काळा बेडूक आहे. तो उड्या मारत नाही, दगडावरून चालतो.

मांसाहारी डायनासोरचं गणित कुणीही मांडू शकतं. एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं लागतात, आणि दरवर्षी तेवढी मिळत राहायची तर रानात पाचशेच्या आसपास असावी लागतात. हे एका वाघाचं. वंश टिकायला एक वाघ पुरत नाही. आता वाघाच्या जागी कित्येक टनांचा प्राणी ठेवा आणि काळ सहा कोटी वर्षं धरा. गोव्याएवढ्या जागेत हे बसत नाही, तुमच्या दोन किलोमीटरच्या पठारावर तर नाहीच. डॉयलला हे गणित कितपत ठाऊक होतं हा मुद्दाच नाही. त्याने निदान ससेक्सएवढी जागा घेतली. चूक झाली तरी मोठ्या जागेत करावी, तुम्ही ती लहान जागेत केलीत.

आणि सह्याद्रीची एक खास अडचण आहे, ती तुम्ही लक्षातच घेतली नाहीत. आपले कडे म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. दख्खनचे हे उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचे. महाराष्ट्रात डायनासोर होते, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं आणि दगड झालेली विष्ठासुद्धा सापडते, पण ती लाव्हाच्या खालच्या थरांत. ज्या दगडाने त्यांचं रान गाडलं, त्याच्याच माथ्यावर तुम्ही त्यांना चरायला सोडलंत. शिवाय आपल्या बहुतेक माथ्यांवर किल्ला आहे, टाकं आहे, देवी आहे. आपला सह्याद्री माणसांनी शतकानुशतकं तुडवलेला आहे. भूगोलाची थोडी जाण असलेला वाचक इथेच पुस्तक मिटतो, आणि मराठी ट्रेकर वाचकाला ती जाण असतेच.

मग सोडून द्यावं का? मुळीच नाही. तुमच्या हाताशी डॉयलला नसलेलं साहित्य आहे. त्याला मेपल व्हाइटची चित्रवही कल्पनेने निर्माण करावी लागली. तुमच्याकडे ती कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट माळावर, कोरलेली आहे. रत्नागिरी-राजापूर भागातल्या जांभ्याच्या सड्यांवर गेल्या काही वर्षांत शेकडो कातळशिल्पं उजेडात आली. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या रेषांच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. काही ठिकाणी गेंडाही दिसतो, जो आज कोकणात कुठेच नाही. कुणी कोरलं, त्याने तो प्राणी कुठे पाहिला? हा तुमचा लंगडा पुरावा. मी तुमच्या जागी असतो तर पहिली तीन प्रकरणं त्या सड्यावर घातली असती. तळपत्या उन्हात, हातात झाडू घेऊन माती झाडणाऱ्या माणसांबरोबर.

आणि जिवंत प्राणी हवा असेल तर डायनासोरचा हट्ट सोडा. केरळमध्ये इडुक्कीत 2003 मध्ये एका जांभळ्या, डुकरासारख्या नाकाच्या बेडकाची शास्त्रात नोंद झाली. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. भारत आणि सेशेल्स एकत्र होते तेव्हापासूनचा हा वंश. डायनासोर ज्या काळात संपले, तो काळ त्याच्या पूर्वजांनी पार केला. तो वर्षभर जमिनीखाली असतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मोजके दिवस वर येतो. आपल्याकडे आंबोली परिसरातही देवगांडुळं आहेत, गांडुळासारखी दिसणारी पण बेडकासारखीच उभयचर. तीही मातीत राहतात. म्हणजे पश्चिम घाटातला ‘कडा’ उभा नाही, तो पायाखाली आहे. आणि त्याचं दार पावसाने उघडतं, पावसानेच बंद होतं. जूनमध्ये घाट कोसळून वाट तुटलेल्या एखाद्या वाडीत चार माणसं अडकली आहेत, असं धरा. तुम्हाला बंद जागा मिळाली, मुदत मिळाली, आणि ती मुदत दरवर्षी खरीच असते.

टाकायचं काय, हेही स्पष्ट बोलू. कादंबरीच्या उत्तरार्धात पठारावर वानरमानव आणि स्थानिक अकाला लोक यांची लढाई होते. चॅलेंजर मंडळी आपल्या बंदुकांसह अकालांच्या बाजूने उतरतात. वानरमानवांतले नर मारून टाकले जातात, माद्या आणि पोरं गुलाम होतात, आणि चॅलेंजर याला मानवाच्या भवितव्याचा निर्णायक विजय म्हणतो. लेखकही त्याच्याशी सहमत दिसतो. झांबो हा विश्वासू काळा नोकर आणि गोमेझ हा दगाबाज मिश्रवंशीय, हे साचे त्या काळच्या इंग्रजी वाचकाला नेहमीचे होते. मला ते भाषांतर करताना हात थांबवून बसवायचे.

जास्त खटकतं ते असं, की डॉयल अज्ञानी नव्हता. काँगोतल्या रबरासाठी झालेल्या अत्याचारांवर त्याने 1909 मध्ये घणाघाती पुस्तक लिहिलं होतं. ॲमेझॉनच्या पुटुमायो भागातले रबरवाल्यांचे अत्याचार उघड करणारा रॉजर केसमेंट त्याच्या परिचयाचा होता, आणि मोहिमेतला शिकारी लॉर्ड रॉक्स्टन या पात्रात केसमेंटची छाया आहे असं मानलं जातं. कादंबरीतही रॉक्स्टनने गुलामांच्या व्यापाऱ्याला मारलेलं आहे, आणि गोमेझ त्याच व्यापाऱ्याचा भाऊ म्हणून सूड घेतो. म्हणजे गुलामगिरीविरुद्ध लढलेला माणूस त्याच पुस्तकात दुसऱ्या गुलामगिरीला हातभार लावतो, आणि कथेला त्यात काही विपरीत दिसत नाही.

भाषांतरात मी यातलं काही गाळलं नाही. गाळलं तर आपण लेखकाला खोटं चांगुलपण देतो. प्रस्तावनेत मात्र मी हे सगळं लिहिलं, आणि मुलांना वाचून दाखवताना त्या प्रकरणानंतर थांबलो. बारा वर्षांच्या मुलांनी माझ्यापेक्षा थेट प्रश्न विचारले. “माद्यांनी काय केलं होतं?” हा त्यांतला एक. तुमच्या कादंबरीसाठी यातून एक कामाची गोष्ट निघते. रोराइमाच्या पायथ्याशी पेमोन लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अशा सपाट माथ्याच्या डोंगरांना म्हणतात तो ‘तेपुई’ हा शब्दच त्यांचा. त्यांच्या दृष्टीने ते जग कधी हरवलंच नव्हतं. तुमच्या मसुद्यात पठाराखाली एक धनगरवाडा आहे आणि तिथला म्हातारा फक्त “वर जाऊ नका” एवढंच म्हणतो. त्या माणसाची गुरं चाळीस पावसाळे त्या रानात चरली आहेत. त्याला बेडकाचा आवाज, कुठली घळ कधी फुटते, कुठल्या कपारीत पाणी टिकतं, सगळं माहीत असणार. त्याला मोहिमेत घ्या. तुमचा समरलीही तोच होऊ शकेल. शहरातून आलेल्या पोरांच्या सिद्धान्तावर विश्वास न ठेवणारा, आणि ठेवतो तेव्हा आपल्यालाही ठेवायला लावणारा.

एक बारीक कारागिरी सांगून थांबतो. टेरोडॅक्टिलच्या दलदलीजवळ रॉक्स्टन जमिनीकडे टक लावून बघत बसतो. बाकीचे प्राण्यांकडे बघत असतात, म्हणून आपणही त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. नंतर तो वेताचा पिंजरा अंगावर चढवून एकटाच तिकडे जातो, तेव्हाही आपल्याला ती त्याची शिकारी हौस वाटते. शेवटच्या प्रकरणात, लंडनला परतल्यावर, तो टेबलावर हिरे ओततो. दलदलीतल्या निळ्या मातीत त्याला हिऱ्यांची खाण ओळखता आली होती. सबंध पठारावर सगळ्यांनी वर, झाडांत, आकाशात पाहिलं. एकट्याने खाली पाहिलं. तुमच्या मुलांपैकी एकाला पहिल्या प्रकरणापासून मातीत बोटं घालायची सवय लावा. सड्यावर, घाटात, ओढ्याकाठी. कारण विचारू देऊ नका कुणालाच. पाऊस सुरू होईल तेव्हा त्या सवयीचा उपयोग होईल.

सुधारलेली पहिली तीन प्रकरणं पाठवा. त्यांत एकही प्राणी नसला तर जास्त आनंद होईल.